फादर नेहेम्या गोरे आणि कृपेची शिकवण

४ नोव्हेंबर २०१७ रोजी आमच्या इंदूर शहरात रोमन कॅथॉलिक मंडळीने सिस्टर राणी मारिया यांना ‘धन्य’ म्हणून जाहीर केले. केरळातून येऊन देवास जिल्ह्यातील उदयनगरच्या बाजूस गोरगरिबांत काम करणाऱ्या या भगिनीचा २५ फेब्रुवारी १९९५ रोजी बसने जात असता भोसकून खून झाला. पुढे तिच्या घरच्यांनी मारेकऱ्यास क्षमा केली, ही हकीकतही सर्वांना ठाऊक आहे. त्या समारंभापासून आमच्या लोकांत एक प्रश्न पुन्हा पुन्हा निघतो. रोमन मंडळी माणसांच्या सद्गुणांची अशी बारकाईने चौकशी करते, त्यांस एवढा मान देते; तर मग तिच्या मते माणसाचे तारण देवाच्या कृपेने होते की माणसाच्या पुण्याने?

प्रश्न विचारणाऱ्यांपैकी पुष्कळांच्या मनात उत्तर ठरलेलेच असते. ते कर्मांनी तारण मानतात, आपण कृपेने मानतो, असे म्हणून ते मोकळे होतात. आम्हीही धर्मशिक्षणाच्या वर्गात हेच सूत्र शिकलो. पण शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नये ही आज्ञा शेजारच्या मंडळीलाही लागू आहे. म्हणून कॅथॉलिक शिकवण खरोखर काय आहे, ते एका मराठी माणसाच्या चरित्राच्या आधारे सांगावे, असे आम्ही योजिले आहे. हा माणूस काही काळ आमच्या याच इंदुरात राहिला होता. त्याचे नाव नीळकंठशास्त्री गोरे, म्हणजेच फादर नेहेम्या गोरे.

एक खुलासा आधीच केलेला बरा. गोरे रोमन मंडळीचे नव्हते. ते अँग्लिकन मंडळीचे धर्मगुरू होते. परंतु त्या मंडळीत गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात एक मोठी चळवळ झाली. प्राचीन अविभक्त मंडळीची शिकवण, साक्रामेंते, उपास, मठवास यांना तिने पुन्हा जवळ केले, आणि ती शिकवण ‘कॅथॉलिक’ या नावानेच ओळखली जाऊ लागली. गोरे या पंथाचे होते. कृपा आणि सद्गुण यांच्या नात्याविषयी या पंथाचे म्हणणे रोमन मंडळीच्या म्हणण्याच्या पुष्कळ जवळ जाते.

गोरे यांचा जन्म ८ फेब्रुवारी १८२५ रोजी झाशीजवळच्या काशीपुरा या गावी झाला. घराणे चित्पावन ब्राह्मणाचे, मूळचे कोकणातले. घरातील वडीलधारी माणसे बांद्याच्या नबाबाच्या पदरी होती. (हे बांदे बुंदेलखंडातले, सावंतवाडीकडचे नव्हे.) पुढे हे कुटुंब काशीस स्थायिक झाले व तेथेच नीळकंठाचे शिक्षण झाले. संस्कृत व्याकरण व न्याय यांत तो मुलगा लहान वयातच इतका तयार झाला की शास्त्री ही पदवी त्याच्या नावास सहज चिकटली. माळव्यात, बुंदेलखंडात, काशीत अशी कितीतरी मराठी घराणी पेशवाईच्या काळात येऊन राहिली. इंदुरातल्या मराठी वाचकाला हे निराळे सांगावयास नको. घरात मराठी, बाजारात हिंदी, पोथीत संस्कृत, असे ते जगणे होते.

त्या काळी काशीच्या रस्त्यांवर मिशनरी लोक उपदेश करीत. तरुण नीळकंठशास्त्र्यांस ते सहन होईना. चर्च मिशनरी सोसायटीचे विल्यम स्मिथ यांच्याकडे ते गेले, ते त्यांचे खंडन करावयास. त्याच सुमारास, म्हणजे विशीच्या आतबाहेर असताना, त्यांनी ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ नावाचा संस्कृत ग्रंथ लिहिला. जॉन म्यूर या स्कॉटिश पंडिताने ‘मतपरीक्षा’ या संस्कृत पुस्तकात ख्रिस्ती धर्माची बाजू मांडली होती, तिला हे उत्तर होते. हा ग्रंथ १९५१ साली इंदूरजवळच्या उज्जैनीस, सिंदिया प्राच्य संस्थेने छापून प्रसिद्ध केला.

त्या ग्रंथातील एक मुद्दा आमच्या विषयाशी फार जवळचा आहे. जगात कोणी सुखी तर कोणी दुःखी जन्मतो, याचे कारण काय? नीळकंठशास्त्र्यांचे उत्तर होते, ज्याचे त्याचे पूर्वकर्म. ख्रिस्ती लोक पूर्वजन्म मानीत नाहीत, म्हणून त्यांचा देव अन्यायी ठरतो, असा त्यांचा आक्षेप होता. तरुण शास्त्र्याला देव न्यायी हवा होता, आणि माणसाला जे मिळते ते त्याने मिळविलेलेच असले पाहिजे असा त्याचा आग्रह होता. न मागता, न मिळविता काही मिळावे ही कल्पनाच त्याला बोचत होती. कृपेच्या शिकवणीवर याहून प्रामाणिक आक्षेप आम्हांस तरी आढळला नाही. आपल्या मंडळीतही वरवर कृपा म्हणणारे आणि आतून हिशेब ठेवणारे थोडे नाहीत.

खंडन करावयास आलेला माणूस वाचीत गेला, वाद घालीत गेला, आणि काही वर्षांच्या झुंजीनंतर १४ मार्च १८४८ रोजी जौनपूर येथे त्याने बाप्तिस्मा घेतला. नाव नेहेम्या ठेवले. त्या काळी ब्राह्मण कुटुंबातील मुलाने बाप्तिस्मा घेणे म्हणजे घरच्यांच्या दृष्टीने त्याचा मृत्यूच. पत्नी लक्ष्मीबाई पुढे त्यांना येऊन मिळाल्या. परंतु १८५३ साली मुलगी झाली आणि थोड्याच दिवसांत त्या वारल्या. तान्ही मुलगी दुसऱ्यांच्या हाती वाढावयास गेली.

पुढच्याच वर्षी, १८५४ साली, पंजाबचे पदच्युत महाराज दलीपसिंग यांच्याबरोबर त्यांचे शिक्षक म्हणून गोरे इंग्लंडास गेले. ऑक्सफर्ड येथे मॅक्स म्युल्लर यांची गाठ पडली. ज्या देशाने आपल्याकडे सुवार्ता पाठविली तो देश संतांचा असेल अशी गोऱ्यांची भाबडी समजूत होती. तेथील लोकांचा पैशाचा हव्यास, चैन व धर्माविषयीची उदासीनता पाहून त्यांचे मन मोडले. मॅक्स म्युल्लर यांनी म्हातारपणी लिहिलेल्या आठवणींत हा प्रसंग नमूद केला आहे. ज्याला कृपा मिळाली असे म्हणतो त्याच्या जीवनात ती दिसावयास नको काय, हा प्रश्न येथे त्यांना पहिल्याने भेटला असावा.

परत आल्यावर त्यांनी १८६० साली ‘षड्दर्शनदर्पण’ हा हिंदी ग्रंथ प्रसिद्ध केला. फिट्झएडवर्ड हॉल यांनी त्याचे इंग्रजी भाषांतर १८६२ साली काढले. सहाही दर्शनांची परीक्षा त्यात आहे. त्यातील एकच गोष्ट येथे सांगतो. दर्शनांच्या मते पाप जसे बंधन तसे पुण्यही बंधनच, कारण पुण्याचे फळ भोगावयासही जन्म घ्यावा लागतो. म्हणून मोक्ष म्हणजे पाप व पुण्य दोहोंपासून सुटका. गोऱ्यांस हे पटेना. चांगुलपणा ही टाकून द्यावयाची वस्तू कशी असेल? देव जर चांगला आहे तर चांगुलपणा हा मोक्षाच्या वाटेवरचा अडथळा नव्हे. मोक्षातही तो राहिलाच पाहिजे. म्हणजे कर्माचा हिशेब तर सोडावयाचा, पण सद्गुण मात्र सोडावयाचा नाही. या पेचातून वाट काढता काढता गोरे कॅथॉलिक शिकवणीकडे आले, असे आम्हांस वाटते. दुसरेही कारण होते. प्रत्येकाने आपापल्या बुद्धीने पवित्र शास्त्राचा अर्थ लावावा याने या जुन्या नैयायिकाचे समाधान होईना. मंडळीने पहिल्या शतकांपासून काय मानले, हे त्यांना हवे होते.

आता ही शिकवण काय आहे ते पाहू. वाचकांनी येथे थोडा धीर धरावा.

पाचव्या शतकाच्या आरंभी ब्रिटनकडील पेलाजियस नावाचा एक सदाचारी संन्यासी रोम शहरात शिकवीत असे. त्याचे म्हणणे असे की, देवाने माणसाला इच्छाशक्ती दिली, आज्ञा दिल्या, ख्रिस्ताचा कित्ता दिला. आता चांगले होणे माणसाच्या हाती आहे. आफ्रिकेतील हिप्पोचा बिशप ऑगस्टीन याने त्याला विरोध केला. स्वतःच्या तारुण्यातील वासनांशी झगडून थकलेल्या ऑगस्टीनला पक्के ठाऊक होते की आज्ञा कळणे निराळे व पाळण्याचे बळ असणे निराळे. ४१८ साली कार्थेजच्या परिषदेने आणि ५२९ साली ऑरेंजच्या परिषदेने ऑगस्टीनच्या बाजूने निर्णय दिला: विश्वासाचा आरंभसुद्धा कृपेचाच आहे. म्हणजे माणसाने पुण्य करून कृपा मिळवावी ही शिकवण कॅथॉलिक मंडळीने प्रॉटेस्टंट मंडळ्या निघण्यापूर्वी हजार वर्षे धिक्कारिली होती. हे आमच्यातील फार थोड्यांस माहीत असते.

पुढे तेराव्या शतकात थॉमस अक्विनास याने सद्गुणांची मांडणी केली. विवेक, न्याय, धैर्य व संयम हे चार सद्गुण तर ग्रीक लोकही जाणत होते. अभ्यासाने, सवयीने ते माणसात काही प्रमाणात येतात. परंतु विश्वास, आशा व प्रीती हे तीन कोणत्याही अभ्यासाने येत नाहीत. देव ते अंतःकरणात ओततो. आणि कृपा आली म्हणजे ती माणसाचा स्वभाव मोडून टाकीत नाही. त्याला बरे करते व पूर्णतेस नेते.

लूथरनंतर ट्रेंट येथे रोमन मंडळीची परिषद भरली. तिने १३ जानेवारी १५४७ रोजी नीतिमान ठरण्याविषयीचा निर्णय दिला. त्याचे पहिलेच कलम असे आहे की, ख्रिस्ताद्वारे मिळणाऱ्या कृपेवाचून केवळ स्वतःच्या कर्मांनी माणूस देवापुढे नीतिमान ठरू शकतो असे जो म्हणेल तो शापित असो. मग भेद कोठे आहे? आपले सुधारक म्हणतात की ख्रिस्ताचे नीतिमत्त्व विश्वासणाऱ्याच्या नावे गणले जाते. ट्रेंट म्हणते की ते नुसते गणले जात नाही, अंतःकरणात ओतले जाते व माणूस खरोखर पालटतो. देवाची हाक आधी येते, तीही फुकट. माणूस त्या हाकेला, तिच्याच बळाने, हो म्हणतो, आणि त्याला नाही म्हणण्याचीही मोकळीक असते. मग त्या कृपेत राहून तो जी सत्कृत्ये करतो त्यांना देव प्रतिफळ देतो. पण तेथेही ऑगस्टीनची आठवण ठेवून असे मानले आहे की, देव माणसाच्या पुण्याला मुकुट घालतो तेव्हा तो आपल्याच देणग्यांना मुकुट घालीत असतो.

मुलाला पहिल्याने अक्षर शिकविताना बाप त्याची मूठ आपल्या मुठीत धरून पाटीवर ‘अ’ काढतो. ते अक्षर कोणाचे? बळ बापाचे, वळण बापाचे. तरी खडू मुलाच्या हातात आहे, आणि असे गिरविता गिरविता ते वळण एक दिवस त्याच्या हाताचे होते. मुलाने हात झटकून घेतला तर अक्षर बिघडते. ही उपमा आमची, कॅथॉलिक पंडितांची नव्हे, आणि ती फार ताणू नये. आपण प्रॉटेस्टंट लोक म्हणतो की बापाने स्वतः काढलेले निर्दोष अक्षर मुलाच्या नावाने स्वीकारले जाते, आणि मुलाचे गिरविणे त्याच्या उपकारस्तुतीत मागून येते. पौलाने फिलिप्पैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात दोन्ही गोष्टी एका दमात सांगितल्या आहेत: भीत कापत आपले तारण साधून घ्यावयाचे, आणि इच्छा व कृती दोन्ही देणारा देवच. वाक्याचा पहिला अर्धा एका मंडळीने मोठ्याने वाचला, दुसरा अर्धा दुसरीने.

हा वाद पुढे चारशे वर्षांवर चालला. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीतील ऑग्सबर्ग शहरी लूथरन मंडळ्यांचा जागतिक संघ व रोमन मंडळी यांनी या विषयावरील संयुक्त घोषणेवर सह्या केल्या. २००६ साली मेथॉडिस्ट मंडळ्या तीत सामील झाल्या, आणि २०१७ साली प्रेस्बिटेरियन ज्यांत येतात त्या रिफॉर्म्ड मंडळ्यांचा संघही. सर्व भेद मिटले असे नव्हे. पण आमचे पुण्य आम्हांला देवाजवळ स्वीकार्य करीत नाही, कृपाच करते, एवढे सर्वांनी मिळून कबूल केले.

गोऱ्यांच्या वेळी असे काही नव्हते. ते १८७० साली धर्मगुरू झाले. ऑक्सफर्डजवळील काउली येथे फादर बेन्सन यांनी १८६६ साली स्थापिलेल्या संत योहानाच्या मठसंघाशी त्यांचा संबंध आला, आणि त्या संघाचे फादर ओनील यांच्याबरोबर ते इंदुरास राहिले. ओनील यांची राहणी विलक्षण होती. होळकरांच्या या शहरात त्यांनी बंगला घेतला नाही. देशी वस्तीत, देशी अन्नावर, जवळ काही न ठेवता ते राहिले आणि १८८२ साली येथेच कॉलऱ्याने वारले. दाखवावयास मोठी मंडळी त्यांच्या मागे उभी राहिली नाही. आमच्या प्रेस्बिटेरियन पूर्वजांचे काम येथे १८७७ साली कॅनडातून आलेल्या मिशनऱ्यांनी सुरू केले. शाळा, दवाखाने, १८८७ साली ख्रिश्चन कॉलेज, असे ते वाढत गेले. त्या मानाने ओनील व गोरे यांचे इंदुरातील राहणे अगदीच निष्फळ दिसते. आमच्या शहराच्या ख्रिस्ती इतिहासात त्यांचे नाव कोणी घेत नाही, हे आम्हांस बरे वाटत नाही.

गोऱ्यांची स्वतःची राहणी संन्याशाची होती. उपास, साधे कपडे, हातात आले ते देऊन टाकणे. १८७६ च्या सुमारास ते काउलीस गेले व मठसंघात उमेदवार म्हणून राहिले, पण कायमची शपथ त्यांनी शेवटपर्यंत घेतली नाही. घेतलेली शपथ आपल्याने पाळवेल की नाही, याची त्यांना खात्री वाटेना. इतरांना ज्याच्यात सद्गुणांची मूर्ती दिसे त्याला स्वतःत एकही सद्गुण भरवशाचा वाटत नव्हता.

बंगालचे ब्राह्मो लोक व मुंबई-पुण्याचे प्रार्थना समाजी यांच्याशी त्यांनी वर्षानुवर्षे वाद केला. १८७५ साली मुंबई-पुण्यात दिलेली त्यांची व्याख्याने प्रसिद्ध आहेत. प्रार्थना समाजाची मंडळी देवाला प्रेमळ पिता मानीत, मूर्तिपूजा सोडीत, सदाचाराने वागत, आणि हे सर्व बुद्धीने व अंतःकरणाच्या साक्षीने कळते असे म्हणत. गोऱ्यांचे उत्तर असे की, बुद्धीने एवढे कळत असते तर काशीच्या पंडितांना ते हजारो वर्षांत का कळले नाही? तुम्ही ज्याला तुमच्या बुद्धीचे धन म्हणता ते ख्रिस्ती प्रकटीकरणातून तुमच्याकडे आले आहे. देणाऱ्याचे नाव मात्र तुम्ही पुसून टाकले आहे. सद्गुणांविषयी ऑगस्टीनने पेलाजियसला जे सांगितले तेच गोऱ्यांनी ज्ञानाविषयी रानड्यांच्या पिढीला सांगितले. त्या पिढीला ते रुचले नाही. आम्हांस त्यांच्या युक्तिवादात कोठे कोठे नैयायिकाची अतिरिक्त धार दिसते; प्रार्थना समाजातील थोर माणसांच्या तळमळीला तो पुरेसा न्याय देत नाही.

पुण्यास पंचहौद मिशनमध्ये गोरे राहत असत. पुढे १८९० साली ज्या मिशनमधील चहाने टिळक-रानड्यांना प्रायश्चित्ताच्या भानगडीत घातले तेच हे मिशन. १८८२ च्या सुमारास पंडिता रमाबाई पुण्यास होत्या; त्यांची व गोऱ्यांची भेट तेथलीच. रमाबाई इंग्लंडास गेल्यावर गोऱ्यांनी लिहिलेल्या लेखांनी त्यांच्या शंका फेडल्या, आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे त्यांनी मुलगी मनोरमा हिच्यासह बाप्तिस्मा घेतला. गोऱ्यांच्या नम्र, गोड वाणीचा आपल्यावर केवढा परिणाम झाला हे रमाबाईंनी स्वतः नमूद करून ठेविले आहे. संस्कृत जाणणाऱ्या त्या विदुषीला वादात जिंकणारे पुष्कळ भेटले असतील. पण तिला गोऱ्यांचे ऐकावेसे वाटले ते त्यांच्या स्वभावामुळे.

पुढची हकीकतही लपवून चालणार नाही. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी रमाबाईंना कळून आले की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, पण ख्रिस्त सापडला नाही. त्यानंतर तारणाची निश्चिती व मोठा आनंद त्यांना लाभला आणि केडगावच्या मुक्ती मिशनचे काम त्या आनंदात उभे राहिले. आपल्या व्यासपीठांवरून ही गोष्ट वारंवार सांगितली जाते, व योग्यच आहे. मात्र ती सांगताना गोऱ्यांनी रमाबाईंना कोरडा धर्म दिला असा जो सूर लावला जातो तो आम्हांस मान्य नाही. दार दाखविणाऱ्याला, त्याने घरात का नेऊन बसविले नाही, असे विचारणे शोभत नाही.

१८८७ साली गोऱ्यांचे प्रभूच्या देवत्वाविषयीचे पुस्तक निघाले. वय बासष्ट. आयुष्यभर ज्याने हिंदू दर्शनांचे खंडन केले त्याने त्यात एक निराळीच गोष्ट लिहिली. त्याचे म्हणणे असे की देवाच्या योजनेने आम्हा हिंदूंची ख्रिस्तासाठी तयारी करून ठेविली होती. अनन्यभक्ती, वैराग्य, नम्रता आणि क्षमा हे आम्ही ख्रिस्ती होण्यापूर्वीच मानीत आलो. म्हणून ख्रिस्ताने सर्वस्व सोडून मागे यावयास सांगितले, शत्रूला क्षमा करावयास सांगितले, तेव्हा ते आम्हांला परके वाटले नाही. आमच्या काही जुन्या उपदेशकांना हे वाचून धक्का बसेल, कारण हिंदू जीवनात सैतानाखेरीज दुसऱ्या कोणाचाही हात न पाहणारे उपदेश आम्ही लहानपणापासून ऐकले आहेत. परंतु गोरे येथे कृपेची शिकवण सोडून सद्गुणांच्या बाजूला गेलेले नाहीत. आपल्या आजीच्या उपासात, आपल्या बापाच्या क्षमाशीलतेत जे चांगले होते ते माणसाने स्वतः पैदा केलेले पुण्य नव्हे, तेही देवाच्या हातचेच बी, असे त्यांचे म्हणणे आहे. देवाची कृपा बाप्तिस्म्यानंतरच हालचाल सुरू करते असे नाही. विशीतल्या शास्त्र्याला जे कर्माचे फळ वाटत होते ते साठीतल्या धर्मगुरूला देणगी वाटू लागले.

आणि तरी या माणसाला शांती मिळाली नाही. शंका ही त्यांची जन्माची सोबतीण होती. आपण खरोखर विश्वास ठेवतो की नाही, आपला पश्चात्ताप पुरेसा आहे की नाही, या विचारांनी ते स्वतःला जाळीत. ट्रेंटच्या त्याच निर्णयात असेही सांगितले आहे की आपणांस कृपा मिळालीच आहे हे कोणालाही विश्वासाच्या निश्चितीने म्हणता येत नाही. गर्व टळावा म्हणून हे कुंपण घातले. गोरे ट्रेंटला बांधलेले नव्हते, पण ते कुंपण त्यांच्या काळजातच होते. येथे आम्ही आमच्या सुधारकांच्या बाजूने उभे राहतो. आजारी मनुष्याने सारखी आपलीच नाडी पाहत बसावे हे बरे नव्हे, वैद्याकडे पाहावे. सद्गुण ओतले जातात हे खरे असले तरी ते आपल्यात किती साचले हे मोजावयास बसले की गोऱ्यांसारख्या प्रामाणिक माणसाला रात्रीची झोप येत नाही, आणि अप्रामाणिकाला फार लवकर येते.

पण हेही म्हणावेसे वाटते की आपल्या मंडळीत निश्चिती स्वस्त झाली आहे. अमक्या सभेत अमक्या तारखेला माझे तारण झाले, असे सांगणारा भाऊ भावाशी शेतीच्या बांधावरून दहा वर्षे बोलत नाही, आणि त्याला त्याचे काही वाटत नाही. अशा माणसापुढे गोऱ्यांचे चरित्र ठेवावे. ज्यांना शांती नव्हती त्यांनी आयुष्यभर कोणाचे वाईट चिंतिले नाही, जवळचे वाटून टाकले, आणि जे जमले त्याचे श्रेय एकदाही स्वतःकडे घेतले नाही. याकोबाचे पत्र आपल्याही पवित्र शास्त्रात आहे.

२९ ऑक्टोबर १८९५ रोजी मुंबई येथे फादर गोरे प्रभूकडे गेले. त्याच वर्षी फेब्रुवारीत, त्याच शहरी, नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा झाला होता. गोऱ्यांचे चरित्र त्यांच्या संघातील फादर गार्डनर यांनी इंग्रजीत लिहिले, ते १९०० साली निघाले.

आईवेगळी वाढलेली ती मुलगी, एलेन लक्ष्मी गोरे, एका मिशनरी कुटुंबात इंग्लंडात लहानाची मोठी झाली आणि १८८० साली हिंदुस्थानात परत आली. १८९७ साली अलाहाबादेस ती डीकनेस झाली व १९३७ पर्यंत जगली. तिच्या इंग्रजी गीतांचा संग्रह १८८३ साली प्रसिद्ध झाला. तिचे सर्वांत प्रसिद्ध झालेले गीत, जे पुढे देशोदेशीच्या मंडळ्यांत गाइले गेले, ते प्रभूच्या सान्निध्यात जिवाला मिळणाऱ्या विसाव्याविषयी आहे.